अकरातले चार

बाबा,

आज संध्याकाळी दूध काढायला मी नाही.

कम्युनिटी कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी माझी यादी पाहिली. इथं केलेल्या अकरा विषयांतले चारच पुढं विद्यापीठात धरणार. चार. मी त्यांना दोनदा मोजायला लावलं. वेल्डिंग, कृत्रिम रेतन, गोठ्याची देखभाल, कशालाच तिथं भाव नाही.

"शेतीची शिक्षिका व्हायचंय ना पोरी, मग रसायनशास्त्र कुठंय?"

विषय निवडताना, गाईंना खुणा करायच्या लाल खडूनं तुम्हीच त्यावर फुली मारली होतीत. 'कामाला येईल ते शीक.' आणि मीही मान डोलावली.



रसायनशास्त्राचा वर्ग आजपासूनच आहे. सोमवार ते गुरुवार, पाच वाजता. तुम्हाला विचारलं असतं तर 'जा' म्हणाला असतात आणि तो दुखरा खांदा घेऊन नव्वद गाईंचं दूध एकट्यानं काढलं असतंत. म्हणून मी गिल्बेर्तोकाकांना फोन केला. हो, त्यांनाच. साडेचारला येतील. तुमच्या भांडणानंतर आठ वर्षांनी येताहेत, फाटकातून परत पाठवू नका.

सूप दोघांना पुरेल एवढं केलंय.

नतालिया