फलकावर लागणारा अर्ज

नोंदणी अधिकारी साहेबांना नमस्कार,

आमचे हे गेल्यावर दिरांनी घर गुपचूप स्वतःच्या नावावर करायला घेतलं. तुमच्या नोंदी सगळ्यांना उघड्या असतात म्हणूनच ते मला कळलं. आता त्याच नोंदी झाका म्हणताना जीभ अडखळते.

पण माझी मुलगी नवऱ्याच्या माराला भिऊन परगावी लपली आहे. तिथली खोली तिच्या नावावर आहे. तुमच्या नोंदींत नाव टाकलं की कुणालाही पत्ता दिसतो. जावई परवा दारात हसत म्हणाला, "सासूबाई, शोधतोच तिला."

तुमच्या कारकुनाला विचारलं, तर म्हणाला, "मावशी, पत्ता झाकायचा अर्ज आधी फलकावर लागतो, पत्त्यासकट. कुणाची हरकत असली तर?"

म्हणून साहेब, हे तुम्हाला पाठवत नाही. पोरीला मात्र कळवलंय, पुन्हा सामान बांध.

नाव न लिहिणारी,
एक आई