लातूरला पाणी शंभरला उकळत नाही

मी, श्रीमती चंद्रप्रभा बापूसाहेब मुखेडकर, वय एकोणऐंशी, सेवानिवृत्त शिक्षिका (भौतिकशास्त्र), राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले, कान अर्धे गेले. डोकं शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आधी भेटायला तरी यावं लागतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कंटाळा केला.

१. माझा मुलगा आलोक लातूरला कोचिंग क्लास चालवतो. क्लास जोरात चालतो. नांदेडचं हे घर विकून त्याला क्लासवर आणखी एक मजला चढवायचा आहे. घर त्याला मिळणार नाही. बँकेतली ठेव आणि माझ्या पाटल्या त्याने घ्याव्यात व समाधान मानावं. तो वाईट नाही, माझी औषधं न चुकता पाठवतो.

२. घर माझ्या पगारातून बांधलेलं, माझं एकटीचं आहे. ते आलोकच्या दोन्ही मुलींना, दामिनी व उर्वी यांना, निम्मं-निम्मं देते. घर सारखं वाटता येतं. शिक्षण तसं वाटता येत नाही, हे आलोकला सांगून मी थकले.

३. मागची शेड व ह्यांची पान्यांची पेटी थोरल्या दामिनीला. हे पाणीपुरवठ्यात अभियंता होते. पंप सुरू झाला की म्हणायचे, "पाणी येऊन राहिलं ना? बस्स झालं." मी विचारायची, मग आधी बंद का पडला होता? जन्मभर यावरून भांडलो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, हे मला हे गेल्यावर पटलं. दामिनी ह्यांच्यावर गेली आहे. अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष चालू आहे, पण कॉलेजात अजून कोणी तिच्या हातात पाना दिलेला नाही. अशा पोरीला अडलेलं काम द्यावं, बेताचे पैसे द्यावेत, मुदत द्यावी. मग ती वस्तू जी बाई वापरणार तिच्यासमोर उभं करावं, आणि बाई "हे न्हाई चालत" म्हणाली की पुन्हा करायला लावावं. शेड भाड्याने देऊ नये.

४. आतली खोली, तिथलं टेबल, थर्मामीटर व स्पिरिटचा दिवा धाकट्या उर्वीला. उर्वी अकरावीपासून बापाच्याच क्लासमध्ये. एकदा तिने घरी पाणी उकळलं, तर पारा अठ्ठ्याण्णवच्या वर जाईना. थर्मामीटर बदलून पाहिले, तरी तेच. लगेच मला फोन. "आजी, लातूरला पाणी शंभरला उकळतच नाही की! आपण उंचावर आहोत म्हणून का?" मी म्हटलं, तूच शोध. पुढे माहूरला, उंच गडावर देवीच्या दर्शनाला गेलो, तिथेही हिने स्टोव्ह पेटवला. पारा आणखी खाली. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा साऱ्या नोकरीत झाला नव्हता.

नंतर क्लासच्या चाचणीत तोच प्रश्न आला. उर्वीने शंभरवर खूण केली नाही, समासात आपलं म्हणणं लिहिलं. आलोक भर वर्गात म्हणाला, "पेपरात शंभरच हाय. खूण कर अन् पुढं चल. तुझ्या एकटीसाठी बॅच थांबून राहील का?" पोरं हसली. दामिनी असती तर तिला याचं काही वाटलं नसतं; डाळ शिजली की तिचं काम झालं, आणि तिचं ते योग्यच आहे. पण शास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्या पोरीला न जुळणाऱ्या आकड्यापाशी बसू द्यावं लागतं, घड्याळ न दाखवता. आलोकने दोघींना एकाच बाकावर बसवून एकच पेपर सोडवायला लावला.

५. मी नोकरीत असतानाचे आमचे प्राचार्य गुरुपादप्पा सर प्रॅक्टिकलला सगळ्या वर्गाला सारखेच पूर्ण मार्क द्यायला लावत. मुलं उत्तर आधी लिहीत आणि निरीक्षणं मागून बेतत. मी विरोध केला म्हणून माझी वेतनवाढ अडकवली. त्यांना माझ्या तेराव्याला बोलवावं, पोटभर वाढावं. भाषण करू देऊ नये. मृत्युपत्राची अंमलबजावणी दामिनीने करावी. ती काम अर्धवट सोडत नाही.

६. या कलमात मी आधी अट घातली होती, की उर्वीने विज्ञानाची पदवी घेऊन संशोधन केलं तरच खोली तिची. प्रवेश परीक्षा तिची दोनदा देऊन झाली आहे, आलोकचं तिला तिसऱ्यांदा बसवायचं चाललं आहे. गेल्या रविवारी ती आली. नीट जेवली नाही. मी हौसेने विचारलं, सध्या काय शोधून राहिलीस? म्हणाली, "काही न्हाई आजी. मला आता काहीच विचारावं वाटत न्हाई." आणि त्या खोलीत जाऊन संध्याकाळपर्यंत झोपली. मी दाराशी बसून रडले. मी तिच्यावर दुसरी परीक्षाच लादत होते.

ती अट खोडली आहे, खोडलेल्या ओळीवर सही केली आहे. खोली उर्वीची, विनाअट. तिथे तिने काही शिकावं, काही व्हावं, असं तिला कोणी म्हणू नये. आलोकने नाही, आणि माझं नाव घेऊन तर मुळीच नाही. ती झोपली असेल तर तिला उठवू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझाच आहे. साक्षीदारांदेखत सही करते.

चंद्रप्रभा बापूसाहेब मुखेडकर

साक्षीदार (सही माझ्यासमोर व एकमेकांसमोर केली):
१. चन्नबसप्पा नागप्पा हलगे, शेजारी
२. पुनम धोंडप्पा बिरादार, शिक्षिका

नांदेड, दि. ९ नोव्हेंबर २०२५