तन्वीच्या पाठीशी मामा कोण

७ जानेवारी, बुधवार. अल कुद्रा

उशाशी संडास आहे. मध्ये एक फळीचं दार, ते गाडी वळली की आपोआप उघडतं. जन्मभर परसाकडला घरापासून लांब गेले, आणि आता या वयात संडासाला डोकं लावून झोपते. तन्वी म्हणते, "आजी, धिस इज लक्झरी." असेल.

हट्ट माझाच. रमेश आणि विजू, माझी दोनच पोरं, चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. तो दुबईत, ती अल ऐनला, मध्ये दीड तासाचा रस्ता. एकाकडे उतरले की दुसऱ्याचं तोंड वाकडं. म्हणून गावाहून निघतानाच कळवलं, तुमचं मिटेपर्यंत कोणाच्याच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. वाटलं घाबरतील. कोणी घाबरलं नाही. विजूच्या तन्वीने ऑफिसातून आठवड्याची रजा काढली आणि ही चाकावरची खोली भाड्याने घेऊन आली. "फाइन आजी. कोणाच्याच घरी झोपायचं नाही ना? मग यात झोपू."

अडलंय तेही तिचंच. पुढच्या महिन्यात लग्न, चिपळूणला. नवरीच्या पाठीशी मामा लागतो. सख्खा मामा एकच, रमेश. विजू त्याला बोलवत नाही. बोलावल्याशिवाय तो येत नाही.

दुबईबाहेर तळ्याकाठी वाळूत गाड्या लावायची जागा. बदकं माणसांपेक्षा जास्त. शेजारच्या गाडीतला गोरा चड्डीवर भांडी घासत होता, बायको पुस्तक वाचत होती. बघत बसले.

बीपी १५०/९०. यंत्र विजूने दिलंय. ती नर्स. आकडा रोज वहीत लिहायचा आणि तिला कळवायचा. वही मोठी दिलीन, म्हणून उरलेल्या जागेत हे.

८ जानेवारी, गुरुवार. इंटरनॅशनल सिटी

बीपी १४६/८८. वि.ला कळवलं.

रमेशच्या बिल्डिंगखाली. आमच्या गाडीने दोन गाड्यांची जागा खाल्ली. वॉचमन ओरडत आला, मला बघून "अम्मा" म्हणाला आणि परत गेला. म्हातारपणाचा एवढाच उपयोग.

सुनीता सून तिसऱ्या मजल्यावरून डबे घेऊन खाली-वर. "आई, लोक काय म्हणतील? सासू पार्किंगमध्ये जेवते!" म्हटलं, "लोक कोण इथे? एक चिनी, एक पाकिस्तानी. त्यांना तुझी सासू कोण ते तरी माहीत आहे का?" सुरमई तळून आणलेली. मीठ कमी. खाल्ली.

संध्याकाळी रमेश आला. गाडीत शिरताना डोकं आपटलं. केस गेले सगळे. तन्वीने बसू पण दिलं नाही, "मामा, तू येणार ना?"

"तुझ्या आईने बोलावलं की पुढची फ्लाइट पकडतो, बेटा."

"मी बोलवतेय ना. इट्स माय वेडिंग."

"लग्न तुझं. बोलवायचं आईने असतं."

ते बरोबर आहे. तन्वी पाय आपटत बाहेर गेली. आपटायला जागा नाही तरी.

मग मला म्हणाला, "आई, तू यात पडू नको." माझ्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून. त्याला कारण आहे. ते आज लिहीत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क

बीपी घेतलं नाही.

बहिणीचा बबन इथे कंपनीच्या खोलीत राहतो, सहा जण एका खोलीत. छताला जिप्सम लावायचं काम. बहिणीने कुळथाचं पीठ आणि आमसुलं दिलेली, ती पोचवायची होती. ड्यूटी सुटल्यावर आंघोळ करून, पावडर लावून आला.

"काय गो मावशे, एसटीत चूल मांडून फिरतेस?"

आत शिरून सगळे कप्पे उघडून बघितलेन. छत ठोकलंन. "काम चांगलंय," म्हणाला.

माझा बेत होता. रमेश नाही तर बबन. विजूचा मावसभाऊ झाला तरी भाऊच, तन्वीला मामाच लागतो. तसं सांगितलं. तन्वी खूश, "बबनमामा, प्लीज! सूट घालायचा हां." तो लाजला. मग म्हणाला,

"राहीन की उभा. सूटपण शिवीन. पण दादा स्वतःच्या तोंडाने नाही म्हणाला तरच. सख्खा मामा जिता असताना मी उभा राहिलो तर गाव मला विचारील, तू कोण रे?"

तन्वी पाणी आणायला दुकानात गेली तेव्हा हळूच म्हणाला, "मावशे, तेव्हा मी अंगणात होतो. कोण काय बोललं ते ऐकलंय मी. दादाने फुकट अंगावर घेतलंय. एकदा विजूताईला सांगून टाक."

म्हटलं, "पीठ घे आणि निघ. बस चुकेल."

"बस कसली? माझी खोली ही समोर."

गेला. मागे वळून हात केलान. मी केला नाही.

१० जानेवारी, शनिवार. अल ऐनच्या वाटेवर

गाडी हलतेय, अक्षर असंच येणार. दोन्ही बाजूंना वाळू, बघण्यासारखं काही नाही. तेव्हा लिहून टाकते.

चार वर्षांमागे, एप्रिलात, हे पहाटे गेले. रमेश सुट्टीवर गावीच होता. त्यानेच विजूला फोन केला, लगेच निघ. तिला विमान मिळालं संध्याकाळचं. घरी पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी. भावकीतले म्हातारे अंगणात बसलेले. म्हणाले, मुलीसाठी थांबायचं का? रमेश म्हणाला, थांबायचं, मी बर्फ आणतो. टेंपोची चावी घेऊन उठला पण. मी आतून म्हटलं, थांबायचं नाही. उन्हाळा आहे. उचला.

उन्हाळा होता हे खरं. बर्फ मिळत होता हेही खरं. मला ती रात्र त्यांच्या उशाशी बसून काढायची नव्हती. आजारपणाची सात वर्षं बसले होते. पुरे झालं होतं.

सकाळी विजू आली. जागेवर नुसता दिवा. तिने दारातच विचारलं, "कोणी ठरवलं?" रमेश म्हणाला, "मी."

मी आत भिंतीला टेकून बसले होते. ऐकलं. बसून राहिले.

गप्प राहा असं मी त्याला सांगितलं नव्हतं. खरं बोल असंही सांगितलं नाही. तेव्हापासून तो माझ्याकडे बघून बोलत नाही, आणि विजू त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशी दोघंही नीट. औषधं वेळेवर पाठवतात.

संध्याकाळी, जबल हफीतच्या पायथ्याशी

डोंगराखाली हिरवळ, पाटातून कढत पाणी वाहतं. आमच्याकडे अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. तिथे देऊळ असतं, इथे बाकडी आहेत. लोक पाय सोडून बसतात. मीपण.

शेजारच्या तंबूतली अरबी म्हातारी कॉफी आणि खजूर घेऊन आली. बोटांनी विचारलंन, पोरं किती? मी दोन बोटं दाखवली. तिने दोन्ही पंजे, वर एक. म्हटलं, बाई गं, मला दोघांनीच नाकी नऊ आणलेत. तन्वीने सांगितलं की नाही माहीत नाही, पण म्हातारी हसली. कॉफी कडू. तीन कप झाले, नको म्हणायची खूण कळत नव्हती.

११ जानेवारी, रविवार. तिथेच

विजू आली. आल्या आल्या दंडाला पट्टा. १५८/९२. "दोन दिवस आकडा का नाही पाठवलास?" विसरले म्हटलं. "तू काही विसरत नाहीस."

मग, "काय म्हणाला तुझा मुलगा?" दादा नाही म्हणत. तुझा मुलगा.

"येतो म्हणतो. तू बोलाव."

"मी? बाबांचं तोंड बघू दिलं नाही त्याने मला. चार वर्षांत सॉरीसुद्धा नाही. आणि त्याला मी माझ्या मुलीच्या पाठीशी उभा करू?"

तन्वी, "मम्मी, प्लीज. मला मामा पाहिजे. आय डोंट केअर तेव्हा काय झालं."

"आय केअर," विजू म्हणाली. तिने इंग्रजी काढलं की संपलं.

बोलायची वेळ तीच होती. माझे पाय पाण्यात होते. पाण्याकडे बघत बसले.

जाताना म्हणाली, "घरी चल आई. पाठ दुखेल इथे." दुखतेच आहे.

१२ जानेवारी, सोमवार

दुपारच्या ड्यूटीच्या आधी विजू परत आली, डबा घेऊन. तन्वी गाडीच्या संडासाची टाकी रिकामी करायला तिकडे टोकाला गेलेली. हळद लागायच्या आधी शिकली ते बरं झालं.

पट्टा दंडाला आवळत होता तेव्हा म्हटलं, "विजू, थांबू नका असं मी म्हटलं होतं. रमेश बर्फ आणायला उठला होता. मी अडवलं."

यंत्राचं काम होऊ दिलंन. आकडा बघितलान. १७२/९६.

"का?"

"मला ती रात्र नको होती."

पट्टा सोडलान. नळी नीट गुंडाळली, डबीत ठेवली. "गोळी घेतलीस?"

"घेतली."

गाडीच्या पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. तिथूनच म्हणाली, "आणि तो चार वर्षं…" उठली, गेली. ड्यूटी होती.

माफी मागितली नाही. मागून ह्यांचं तोंड बघायला मिळणार आहे का तिला? खोटं रडणं मला जमत नाही, आणि खरं आलं नाही.

भेंडी होती. जेवले.

तन्वी आली, म्हणाली, "मम्मी कुठे गेली? वॉट हॅपन्ड?" तिलाही सांगितलं, सगळं. मग म्हणाली, "यू शुड हॅव सेड, आजी." कळलं तेवढं इंग्रजी.

१३ जानेवारी, मंगळवार

बीपी १५४/९०. विचारायला फोन आला नाही. लिहून ठेवलं.

सकाळी रमेशला फोन लावून सांगितलं, मी बोलले विजूशी. तिकडे ऑफिसचा आवाज. मग दार लावल्याचा.

"कशाला आई? आता ती तुझ्याशी बोलायची नाही."

"न बोलू दे. माझं लग्न नाहीये."

हसला का काय, कळलं नाही. म्हटलं, "तिने बोलवायची वाट बघू नको. चार वर्षं तू खोटं बोललास, फोन तूच कर."

"मी खोटं बोललो?"

"मग कोण?"

मग म्हणाला, "सहाला करतो. उचलेल का ती?" मला काय माहीत.

बबनचा निरोप, सूट शिवायला टाकू का? म्हटलं, थांब.

दुपारी डबा आला, जावयाच्या हाती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तेही बिचारे उभे राहून घड्याळ बघून गेले. मीठ बरोबर.

गाडी उद्या परत द्यायची. मग मी कोणाच्या उंबऱ्यात, ते ठरलेलं नाही. तन्वी म्हणते, "इन्शाल्ला, आमच्याकडे." या पोरी इथल्याच झाल्या.

पाच वाजता तन्वीला तिच्या घरी धाडली. जाताना बजावलं, सहाला मामाचा फोन येईल, तुझ्या आईच्या नंबरवर. तू उचलायचा नाहीस. तुझ्या बाबांनीही नाही. घरात नाही, ड्यूटीवर आहे, आंघोळीला गेलीय, असलं काही कोणी सांगायचं नाही. उचलायचा तर विजूने. नाहीतर वाजू द्यायचा.