डोहापुढचं शून्य

३ मे

"नदीकाठच्या माणसांनो! ज्यांनी या पाण्यात कधी पाय बुडवला नाही, त्यांनी तुमच्या नदीचा निकाल लावला आहे. तुम्हाला कुणी विचारलं? नाही. माशांना? त्यांना तर नाहीच!"

अकरा तारखेच्या सुनावणीसाठी ही सुरुवात. बरी जमलीय. नदीकाठच्या रस्त्यासाठी मोठा डोह भराव घालून बुजवायचा घाट घातलाय. उन्हाळ्यात सगळी नदी घोट्याएवढी होते, तेव्हा मासे त्या एका डोहात जीव धरून राहतात. तो गेला की बारा वर्षं मी मोजत आलेली नदी गेली.

आरशापुढे म्हणून पाहत होते. अक्का स्वयंपाकघरातून — "माशांना मत असतं तर तू केव्हाच निवडून आली असतीस!" सख्खी बहीण, तरी!

५ मे

रस्त्यावाल्यांच्या सल्लागाराचा अहवाल हाती आला. दोनशे पानं, गुळगुळीत कागद. पेन्सिल घेऊन चिरफाड करायला बसले.

पान एक्केचाळीस. 'मोठा डोह : मासे आढळले नाहीत.' आधार — तीन वर्षांपूर्वीची आमचीच पाहणी. तक्त्याची छायाप्रत जोडलीय. डोहापुढे शून्य. खाली माझी सही, चांगली झोकदार.

पुढे वाचलं नाही.

६ मे

इथे तरी लिहायलाच हवं. त्या दिवशी मी डोहावर गेलेच नव्हते.

सतरा मे. शहरात 'नदी वाचवा' सभा होती आणि मुख्य वक्ती मी! नावाडीकाकांना निरोप धाडला, आज जमत नाही. बरण्या आदल्या दिवशीच त्यांच्याकडे देऊन ठेवल्या होत्या. आत टाकायच्या चिठ्ठ्याही — जागा, तारीख लिहिलेल्या, फक्त संख्या सोडलेली. पेन्सिलीने, कारण मासा टिकवायच्या औषधाच्या पाण्यात शाई पसरते. नमुना म्हणून एकच मासा बरणीत ठेवायचा, बाकीचे मोजून सोडून द्यायचे. काकांना लिहिता येत नव्हतं. एका माशाला एक रेघ, असं आमचं ठरलेलं.

सभेत टाळ्या थांबेनात. संध्याकाळी तक्ता पाठवायची मुदत संपत होती. अकरा जागी खरंच जाळं टाकलं होतं, एकेक मासा मोजला होता. बारावा रकाना कोरा.

कोरा म्हणजे पाहिलं नाही. शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हता. हा फरक मी दरवर्षी नव्या माणसांना घसा फोडून शिकवते. आणि मीच शून्य लिहिलं. कोऱ्या रकान्याबद्दल वरून विचारणा झाली असती — का गेला नाहीत? शून्याला कुणी काही विचारत नाही.

पुढच्या वर्षी जाऊन दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं. पण शून्य आलेली जागा पुढच्या फेऱ्यांतून वगळायची, हा नियम. वेळ वाचावा म्हणून तोही मीच घालून दिलेला! त्यानंतर आमचं जाळं डोहात पडलंच नाही.

७ मे

काका गेल्या वर्षी तापाने गेले. ते कधी ओरडून हाक मारत नसत, मासे बुजतात म्हणून. होडीच्या कडेवर वल्ह्याने तीनदा ठकठक करायचे. डोहातल्या मिशाळ माशांना त्यांनी 'फौजदार' नाव ठेवलं होतं. "ताई, नीट उभ्या राहा, फौजदारसाहेब आलेत!"

त्या सभेनंतर आठवड्याने दारात उभे होते. "ताई, डोहाचं सांगायचं होतं." मी फोनवर. हातानेच खूण केली — नंतर. थोडा वेळ थांबले. वहाणा घातल्या. गेले.

ते 'नंतर' उजाडलंच नाही.

८ मे

दुपारी कचेरीत ठकठक. तीनदा. खिडकीचं दार वाऱ्याने आपटत होतं. ते दिसल्यावरही उठून खाली रस्त्यापर्यंत जाऊन आले.

९ मे

खरं सांगितलं तर? बारा वर्षांचे सगळे आकडे संशयात. त्याच आकड्यांच्या जोरावर खालचा बंधारा अडवला, कारखान्याचा नाला वळवायला लावला. या एका शून्याचा धागा ओढून ते सगळं उसवतील. नाही सांगितलं तर डोह जाईल.

अक्का जेवताना — "भांडतेयस कुणाशी? समोर तर मी एकटीच आहे."

सांगणार होते. तिने वाढलं आणि मी जेवून उठले.

११ मे

सभागृह खच्चून भरलेलं. बोलले, आणि काय बोलले! मागचे लोक उभे राहिले. शेवटी ठणकावलं — "माझे आकडे चुकत नाहीत!" हे कागदावर नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

सल्लागार उठला. मऊ आवाज, हातात तेच पान. "मॅडम, डोहापुढचा हा आकडा आपलाच ना?"

"हो."

"आणि आपले आकडे चुकत नाहीत."

हशा. मागून कुणीतरी — "बोला ना ताई!" तिसऱ्या रांगेत काकू होत्या, नावाडीकाकांच्या पत्नी. शेजारणीला विचारत होत्या, "शून्य? डोहात शून्य?" मग माझ्याकडे पाहत राहिल्या. मी पाणी प्यायले.

अधिकाऱ्याने निकाल दिला — आकडेवारी पाहता हरकत टिकत नाही. सोळा तारखेपासून भराव.

१२ मे

तीन वर्षांपूर्वी खोटं लिहिलं होतं. काल भरसभेत बोलले.

१३ मे

आज एकटीच डोहावर गेले. जाळ्याचं एक टोक झाडाच्या मुळाला बांधलं, दुसरं धरून छातीएवढ्या पाण्यात उतरले. तीनदा टाकलं. पालापाचोळा, शेवाळ, एक प्लॅस्टिकची चप्पल. मासा एकही नाही.

आणि मला — लिहायला लाज वाटते — हायसं वाटलं. नाहीतच! म्हणजे तेव्हाही नसतील! खोटं लिहिलं आणि खरं निघालं! काठावर बसून मोठ्याने हसले.

मला काय ठाऊक नाही? एका माणसाला जाळं आवळता येत नाही. दुसरं टोक धरायला कुणी नसेल तर मासे कडेने निघून जातात. मधल्या खोल पाण्यात तर मी गेलेच नाही. तरीही हसले.

जाळं पिळताना मागे ठकठक झाली. तीनदा. वळून पाहिलं. होडी नव्हती. वाराही नव्हता.

१४ मे

सकाळी काकू आल्या. फडक्यात गुंडाळलेली बरणी टेबलावर ठेवली.

"तुमचा निरोप मिळाला, तरी हे गेले होते त्या दिवशी. दुसरं टोक मी धरलं होतं. म्हणाले, ताई मागतील तेव्हा देऊ. तुम्ही मागितलीच नाहीत."

आत एक फौजदार. मिशा अजून ताठ. चिठ्ठीवर माझंच अक्षर — मोठा डोह, सतरा मे. संख्येपुढे काकांच्या रेघा. बोट ठेवून मोजल्या. दोनदा मोजल्या.

तेवीस.

काकू दारात थांबल्यात. बाई, आता भाषण नको. ऊठ. बरणी घे, आणि अधिकाऱ्यासमोर आपल्या हाताने ते शून्य खोड.