गाडीचा दांडा परत पाठवून राहिली

सुमेधदादाले प्रणालीचा जयभीम.

मी इथं हुडकेश्वरच्या गॅरेजवर बरी आहो. दोन टाइम जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तू आईले सांगितलं का गाडी वळणावर झोलते, कारण प्रणालीनं नट ढिले ठेवले. मामीसमोर स्पीकरवर म्हणला, आठवीत शाळा सोडलेल्या पोरीले काय समजते. मी फोन ठेवला. मले फोनवर भांडता येत नाही, म्हणून लिहून राहिली.

नट टाइटच होते. खडखड वाजते म्हणून मागच्या चाकांमधला बॅलन्सचा दांडा तूच काढायले लावला. खडखड दांडा धरणाऱ्या झिजलेल्या रबरी बुशची होती. मी म्हणलं बुश बदलू, तर तू म्हणला, "चूप वं, दांडाच काढ." मी काढला, तेवढी माझी चूक.

गाडीतच मुक्काम करायले तू पलंग टाकला, कपाट टाकलं, टपावर पाण्याची टाकी ठेवली. एवढी उंच गाडी वळली का एका अंगावर झुकते. दांडा तिले झुकू देत नाही. गावातल्या वळणावर नुसती झोलते, म्हणून शहाणा बनून राहिला. चिखलदऱ्याच्या घाटात समजन.

दांडा आणि नवे बुश या चिठ्ठीसंगं पाठवले. रविवारी आईले घाटात न्यायच्या आधी बसव.

आईले मी काल खरं सांगितलं. ती म्हणे, "प्रणाली हो म्हणन, तवाच मी गाडीत बसन."

बसवल्यावर गाडीखालून फोटो पाठव. सगळे नट दिसले तरच मी हो म्हणन.

तुझ्यावर रागावलेली बहीण,
प्रणाली