बॅटरी का भरत नव्हती याच्या खुलाशासह मृत्युपत्र

मी, लोटू धुडकू बोरसे, वय वर्षे ६९, पूर्वीचा धंदा पॉवरलूम कारखान्यात वायरमन, मूळ राहणार तालुका अमळनेर, हल्ली राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र आज दुपारी जेवण झाल्यावर माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. साखर वाढलेली आहे, पण त्याने बुद्धीला बाधा येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी पत्नी तारा हिने फक्त अक्षर नीट काढा एवढे सांगितले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. डिंडोलीचे दोन खोल्यांचे घर, वरच्या पत्र्याच्या शेडसह, माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. माझ्या पश्चात ते पूर्णपणे तारा हिचे राहील. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये किंवा विकण्याचा विषयही तिच्यापुढे काढू नये. तिच्या पश्चात मुलगी धनश्री, राहणार बारडोली, आणि मुलगा कुंदन, राहणार सचिन (सुरतजवळचे गाव), यांना निम्मे निम्मे. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. मीटरच्या पेटीतली अर्थिंगची तार मी नव्याने टाकली आहे, तिला हात लावू नये.

कलम २. बँकेतील ठेव व खात्यातील शिल्लक तारा हिची.

कलम ३. हत्यारे. सोल्डरिंगच्या दोन इस्त्र्या, टेस्टर, पक्कड, भिंग आणि तारांचे डबे धनश्रीला द्यावेत. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि लहानपणापासून माझ्या हत्यारांना हात लावल्याबद्दल तिने माझा ओरडा खाल्ला आहे. कुंदनला त्यात गोडी नाही, त्याने वाईट वाटून घेऊ नये. मोटरसायकल त्याची.

कलम ४. लॅपटॉप. याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या वस्तूवरून आमच्या घरात जे बोलले गेले, त्यातले बरेचसे खोटे होते आणि ते मी बोललो होतो.

हा लॅपटॉप काळा, जाड, आजच्या मानाने फार जड आहे. तारा त्या वेळी साडीच्या किनारींची डिझाइन्स आधी ग्राफच्या कागदावर काढत असे. पुढे कारखान्यात ते काम संगणकावर आले आणि तिने ते शिकून घेतले. घरी बसून काम करता यावे म्हणून २००९ साली आम्ही हा लॅपटॉप जुना म्हणून घेतला. घेतला तो भूपेंद्रभाईंकडून. त्यांचे दुरुस्तीचे दुकान आमच्या नाक्यावरच आहे, आणि तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या बाकावर एकत्र चहा घेत असू.

वर्षभर तो उत्तम चालला. २०१० च्या पावसाळ्यात उंदराने चार्जिंगची वायर कुरतडली. मी वायरमन, ती मी स्वतःच जोडली. मशीन सुरू झाले. पण त्यानंतर बॅटरी भरणे बंद झाले. वायर लावलेली असेल तर चाले, काढली की बंद. सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येत. तारा म्हणाली होती की त्यात अडॅप्टरबद्दल काहीतरी आहे. मी म्हणालो, "बॅटरी मेली की असंच येतं." ती एक बटण दाबून पुढे जाऊ लागली.

२०११ च्या फेब्रुवारीत तिने एका पदराचे डिझाइन पुरे करत आणले होते. केळफुलाची नक्षी, तीन महिन्यांचे काम. सकाळी अकराच्या सुमारास ती ते साठवत असतानाच वीज गेली. बॅटरी भरलेली असती तर काहीच झाले नसते. वीज परत आल्यावर ती फाइल उघडली नाही, आणि पुढेही कधी उघडली नाही. कारखानदाराने काम दुसरीकडे दिले. तारा रडली नाही. तिने लॅपटॉप पुसला, कपाटात ठेवला आणि आठवड्याने साड्यांना टिकल्या चिकटवण्याचे काम घरी आणले. चौदा वर्षे तिने तेच केले.

त्याच दिवशी मी लॅपटॉप आणि अडॅप्टर घेऊन भूपेंद्रभाईंच्या दुकानात गेलो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. मी दोन्ही वस्तू काउंटरवर आपटल्या आणि म्हणालो की तुम्ही मेलेली बॅटरी माझ्या गळ्यात मारली, तुम्ही चोर आहात. ते म्हणाले, "लोटूभाई, लाओ, वायर जोवा दो." वायर बघू द्या, एवढेच मागत होते. मी म्हणालो, "वायरीचं मला शिकवू नका. तीस वर्षं वायरी जोडतोय." आणि सामान उचलून बाहेर पडलो. त्यानंतर मी त्या बाकावर बसलो नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती मी दारावरूनच परत दिली.

यंदा मार्चमध्ये कपाट आवरताना लॅपटॉप हाती आला. मला आता काम नाही. मी तो समोर ठेवून बसलो आणि प्रथमच माझ्या मनात साधा प्रश्न आला. बॅटरी मेली होती असे मी म्हणत आलो. पण ती वायर जोडल्यानंतरच्या आठवड्यातच का मेली?

मी एक वही केली आणि जे करेन ते लिहू लागलो. जुनी बॅटरी आता खरोखरच संपली होती, म्हणून त्याच मापाची नवी मागवली. ती येतानाच थोडी भरलेली होती, पडद्यावर ३८ टक्के दिसले. वायर लावून दिवसभर ठेवली. आकडा ३८ च राहिला. वायर काढली की खाली उतरे, लावली की थांबे, पण वर कधीच जाईना. म्हणजे दोष बॅटरीचा नाही. इतके कळायला मला चौदा वर्षे आणि एक दिवस लागला.

मग अडॅप्टरला व्होल्ट मोजायचा मीटर लावला. साडेएकोणीस व्होल्ट, जेवढे हवेत तेवढेच. बॅटरी काढून, सुरू करायचे बटण अर्धे मिनिट दाबून पाहिले. फरक नाही. मशीन उघडून चार्जिंगच्या सॉकेटचे टाके नव्याने मारले. फरक नाही. मशीन चालवण्याइतकी वीज आत जात होती, मग बॅटरीलाच कोण अडवत होते? माझे जेवण थंड होऊ लागले. तारा ताट झाकून ठेवी.

धनश्री एका रविवारी बारडोलीहून आली. मी मशीन सुरू केले आणि पडद्यावरच्या त्या दोन ओळी तिला वाचायला सांगितल्या.

ती म्हणाली, "बाबा, यात बॅटरी खराब आहे असं लिहिलेलंच नाही. अडॅप्टर कोणता आहे ते ओळखता येत नाही, म्हणून बॅटरी भरणार नाही, असं लिहिलंय."

"वायर काय ओळख सांगणार?" मी म्हणालो.

"ते मला माहीत नाही. पण तो विचारतोय खरा."

ती गेल्यावर मी पिनेचे टोक भिंगाखाली धरले. बाहेर एक कडे, आत दुसरे कडे, आणि मधोमध केसाएवढी बारीक सुई. विजेला दोन वाटा लागतात, जायची आणि यायची. मी आयुष्यभर हेच शिकलो आणि शिकवले. ही तिसरी कशाला? मी पिनेपासून वायर चाचपत मागे गेलो. वीतभर अंतरावर काळ्या टेपचा जोड होता. माझाच जोड होता, टेपचा पीळ डावीकडे, कारण मी डावखुरा आहे. टेप सोडली. लाल आणि काळी तार सुबक जोडलेली. आणि निळ्या रंगाची एक बारीक तार दोन्ही बाजूंनी कापून मागे दुमडलेली. ती मीच कापली होती. बिनकामाची समजून.

मी ताराला बोलावून दाखवले. तिने निळी तार बोटावर धरून पाहिली.

"मी तधळच सांगेल व्हतं," ती म्हणाली, "पडद्यावर अडॅप्टरनं काहीतरी येस."

"हो. सांगितलं होतंस."

"आते मले काय दाखाडतस? त्यासले जाईसन सांगा." त्यासले म्हणजे भूपेंद्रभाईंना.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप आणि अडॅप्टर घेऊन दुकानात गेलो. भूपेंद्रभाई आता मोबाइलची कव्हरे विकतात. त्यांनी मान वर केली, चष्मा काढला. मी अडॅप्टर काउंटरवर ठेवला, या वेळी हळू, आणि म्हणालो, "चूक माझी होती. ही तार मी कापली होती." मग त्यांनी कव्हरांचा ढीग बाजूला सारला, सोल्डरिंगची इस्त्री गरम करायला लावली आणि मलाच जोडायला सांगितले. मी निळी तार जोडली. लॅपटॉप लावला. नारिंगी दिवा लागला. आम्ही दोघे त्या दिव्याकडे बघत बसलो. उतरत उतरत ३१ वर आलेला आकडा ३२ व्हायला सात मिनिटे लागली. भूपेंद्रभाईंनी समजावले की अडॅप्टरमध्ये एक बारीक चिप असते, ती या तारेतून आपली ओळख सांगते, आणि ओळख पटल्याशिवाय मशीन बॅटरीला वीज देत नाही. मी विचारले, असे का बनवतात? ते म्हणाले, "खबर नथी," म्हणजे त्यांनाही माहीत नाही. त्यावर आम्ही दुपारपर्यंत बोललो.

घरी आणून ताराने तो उघडला. केळफुलाची बिघडलेली फाइल उघडली नाहीच. पण त्याच्या महिनाभर आधी साठवलेली एक अर्धवट प्रत निघाली. पदराची एक बाजू रिकामी. तारा चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "हाई फूल उलटं काढेल शे." मग ती खुर्ची ओढून बसली. गेले सात महिने ती रोज सकाळी बसते. हे कोण घेणार, असे मी विचारत नाही, आणि कोणीही विचारू नये.

सबब हा लॅपटॉप, नवी बॅटरी, दुरुस्त अडॅप्टर आणि आतील सर्व डिझाइन्स, हे सगळे ताराचे आहे. ते आधीपासूनच तिचे होते. मी फक्त नोंद करत आहे.

कलम ५. भूपेंद्रभाईंवरचा राग मी कमावलेला होता आणि माझ्याकडून तो कुंदनकडे गेला. त्यांचे दुकान दिसले की तो अजून रस्ता ओलांडतो, हे मी पाहिले आहे. माझ्या मालमत्तेत हा राग आता नाही, त्यामुळे कुंदनचा त्यावर हिस्सा निघत नाही. मी जिवंत असताना त्याने एकदा माझ्यासोबत त्या दुकानात यावे. मी नसलो तर एकट्याने जावे.

कलम ६. माझा मीटर मी भूपेंद्रभाईंच्या नावे लिहिणार होतो. वकिलांनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही देऊ नये. मी त्यांना विचारले, मीटर की सही? ते म्हणाले, सही. म्हणून मीटरही धनश्रीला.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धनश्रीने करावी.

जास्तीची नोंद, सहीपूर्वी. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. भूपेंद्रभाईंनी पेन खाली ठेवले आणि सांगितले की एक गोष्ट लिहिल्याशिवाय ते सही करणार नाहीत. २०११ साली मी अडॅप्टर काउंटरवर आपटला तेव्हा टेपचा जोड त्यांना दिसला होता. तिसरी तार कापली गेली असणार, हे त्यांनी त्याच क्षणी ओळखले होते. ते बोलणार होते, पण मी चोर म्हणालो. नंतर अनेकदा सांगावेसे वाटले. तारा टिकल्यांची पोती घेऊन दुकानासमोरून जाताना तर दर वेळी वाटले. तरी ते बोलले नाहीत.

मी त्यांना म्हणालो की यामुळे माझी चूक कमी होत नाही. ते म्हणाले, अर्धी होते. तारा शेजारच्या खोलीत काम करत होती, तिने सर्व ऐकले. ती बाहेर आली, तिघांसमोर चहा ठेवला आणि आम्हा दोघांना म्हणाली, "दोन्ही जण सही करा आन् मले काम करू द्या." त्याप्रमाणे सही करत आहे.

लिहून ठेवणार: लोटू धुडकू बोरसे (सही)

आम्ही खालील साक्षीदारांनी लोटू बोरसे यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: भूपेंद्र छगनभाई, दुकानदार, डिंडोली (सही गुजरातीत)

साक्षीदार २: प्रियांका सोनवणे, शिक्षिका, शेजारी, डिंडोली (सही)

ठिकाण: डिंडोली, सुरत
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५