तुझ्या लग्नाचा चौक

प्रिय सुगंधा,

आत्याचा निरोप तू फोनवर दिलास. आपल्या वारली घरात लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा तो सवाशिणींनीच, तुझे बाबा गेल्यापासून मी त्या भिंतीला हात लावायचा नाही, लांब बसून बघायचं. एवढं एका दमात सांगून तू लगेच विचारलंस, आई जेवलीस का. मी हो म्हणाले ते जेवणाला. आत्याला नव्हे.

इथे आखातात, अल खौदच्या हॉटेलची भिंत निम्मी रंगवून झाली. भाताची लावणी काढली, तारप्याच्या सुरावरचा नाच काढला, अर्बाब, म्हणजे इथला मालक, खूश. मग त्याने कुठल्याशा फोटोत पालघाट देवीचा चौक पाहिला आणि तोच दाराशी काढ म्हणाला. मी नाही म्हटलं. लग्नघराशिवाय पालघाट मांडत नाहीत. लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाऊन तिला बोलवायचं असतं, जेवायला येणाऱ्यांच्या बुटांसमोर उभी करायची नसते. इथला सुपरवायझर, आपला पुण्याचा प्रसाद, त्याची तर पाचावर धारण बसली. मावशी, इथे कोणाला कळतंय, काढून टाका आणि खलास, असं कानाशी लागून सांगत होता. मला कळतंय ना, म्हटलं. अर्बाब जरा घुम्यासारखा वागला, पण शेवटी मळणी काढ म्हणाला. ती काढतेय.

शेजारच्या हॉलमध्ये ऑस्ट्रेलियातली एक आदिवासी बाई काम करते, रूबी नावाची. ठिपक्याला ठिपका लावत बसते. मला आधी ती नुसती नक्षी वाटली. चहाच्या वेळी प्रसादने मध्ये बसून आमचं बोलणं जुळवून दिलं, तेव्हा कळलं की तो तिच्या मुलखातला पाणवठा आहे, ही तिकडे जाणारी वाट, आणि त्या पाण्याची जुनी गोष्ट तिला आजीकडून मिळालीय. दुसऱ्या कुणाची गोष्ट ती काढत नाही, कितीही मागा. बाई मला आवडली. म्हणून तुझ्या लग्नाचं आणि आत्याचं तिला सांगून टाकलं. चौक तुला कोणी शिकवला, तिने विचारलं. माझ्या आईने, मी म्हटलं. मग नवरा गेला म्हणून आईने दिलेलं कसं जाईल, असं ती म्हणाली. प्रसादने ते मराठीत सांगितलं आणि मला चारचौघांत रडू आलं. इतकी वर्षं हे मला कुणी का म्हटलं नाही, याचं रडू होतं ते.

फोनवर बोलायला गेले की आत्या तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून सुट्टीवर निघालेल्या प्रसादच्या हाती हे पत्र देतेय. तुझा चौक मी काढणार आहे. भिंत गेरूने सारवून ठेव, तांदूळ मी येऊन वाटीन. सवाशिणी बरोबर बसल्या तर आनंदाने सरकून जागा देईन. पाड्यावर कोणी काय बोलायचं ते बोलू दे, आत्याची परवानगी मी मागत नाही. मागते ती तुझी. संसार तुझा आहे. तुझ्याच मनात शंकेची पाल चुकचुकत असेल तर स्पष्ट सांग, मी लांब बसेन आणि रागावणार नाही. पण ते म्हणणं तुझं हवं, आत्याचं नको.

तुझीच,
आई